आईसाठी केअर होम बघतेय, गोव्यात, डिचोली-म्हापसा-पर्वरी भागात. तुम्ही कसं निवडलंत, आणि पैसे कोण भरतं?

पर्वरीची_लेक
नमस्कार मंडळी. लिहू की नको करत महिना गेला, आज रात्रीचे दोन वाजलेत आणि झोप गेलीच आहे तर लिहितेच.

आई ७९ वर्षांची. बाबा सरकारी प्राथमिक शाळेत मास्तर होते, त्यांना जाऊन ६ वर्षं झाली. आई डिचोलीच्या घरी एकटीच राहायची, सकाळी एक बाई येऊन जेवण-भांडी करून जायची. विसरायला लागली तेव्हा आम्ही वयाचं म्हणून सोडून दिलं. मग एकदा गॅस चालू ठेवून देवळात गेली, आणि गेल्या चतुर्थीला गणपतीवर फळांची माटोळी बांधताना मला बाजूला घेऊन भावाच्या मुलाकडे बोट दाखवून विचारलं, हा कोणाचा? बांबोळीला आयपीएचबीत, मानसिक आजारांच्या सरकारी हॉस्पिटलात, दाखवलं, डिमेन्शिया निघाला. मार्चमध्ये न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून माझ्याकडे आहे. दुसरा मजला, लिफ्ट नाही. एकदा वर चढवली ती परत खाली उतरलेली नाही.

एजन्सीची २४ तासांची बाई आहे, महिना २८ हजार, जेवणखाण आमचं. तीन महिन्यांत ही चौथी. मी बँकेत, मुलगी बारावीला, नवरा काही बोलत नाही पण न बोलणंही ऐकू येतं ना. रोज रात्री आई दार हलवत बसते, "माका घरा व्हर गो", मला घरी ने गं. परवा कळलं की घर म्हणजे डिचोलीचं नव्हेच, सत्तरी तालुक्यातलं माहेर, जे पडून वीस वर्षं झाली.

तीन जागा बघितल्या. एक म्हापशाजवळ, महिना ३५ हजार आणि १ लाख डिपॉझिट. दुसरी सिस्टरांची, १५ हजार, स्वच्छ, मला फार आवडली, पण ते चालतं-फिरतं माणूसच घेतात. तिसरी ५५ हजार, लॉबीत कारंजं.

आईची फॅमिली पेन्शन १७ हजारांच्या आसपास, एफडी ६ लाखांची, आणि डिचोलीचं घर. भाऊ मस्कतला, तो म्हणतो घर विकून टाक आणि चांगल्या ठिकाणी ठेव. बहीण डोंबिवलीला, ती म्हणते आईला आझिलात (वृद्धाश्रमात) घालायचं नाही म्हणजे नाही. ती मे महिन्यात आणि चतुर्थीला येते. मला कोणावर राग काढायचा नाही, मला फक्त कळायला हवं की लोक हे करतात कसं.

फोंडेकार
कारंजं हे वाचून हसलो, माफ करा. आत्यासाठी मी पाच ठिकाणं पालथी घातली आहेत. आत्या बिनलग्नाची, तिचं करणारा मी एकटाच भाचा, म्हणजे अगदी एकटा नव्हे, वाटणीला अजून सहा होते.

माझा अनुभव सांगतो. ज्या वेळी बोलावतील त्या वेळी एकदा जा, चहा घ्या, ब्रोशर घ्या. मग न सांगता संध्याकाळी सातला जा. सकाळी अकराला सगळीच होम्स छान असतात, म्हातारी माणसं आंघोळ करून ओळीत बसलेली, टीव्हीवर भजन. सातला दिवसपाळी घरी गेलेली असते आणि रात्रपाळी चहा घेत असते. एका ठिकाणी मला २२ माणसांमागे दोन मुली दिसल्या, त्यातली एक स्वयंपाकघरात. फाटकावरच्याने आत सोडलंच नाही तर तेही उत्तरच आहे. आणि नाक न्या बरोबर. फिनेलचा भपकारा आला तर तो कशावर मारलाय ते शोधा.

दुसरं, भाषा. हे कोणी सांगत नाही. हल्ली स्टाफ झारखंड, ओडिशा, आसाम इकडचा, पोरी मायाळू असतात, त्यांच्यावर माझा काही आक्षेप नाही. पण आत्या शेवटी शेवटी हिंदी पूर्ण विसरली, चाळीस वर्षं पणजीत नोकरी केलेली बाई. तिने "उदक" म्हटलेलं त्या पोरीला कळायचं नाही आणि वहीत लिहायचे पेशंटने पाणी नाकारलं. मग मी भिंतीवर कागद चिकटवला, उदक म्हणजे पानी, ऊब जाता म्हणजे गर्मी होतीय, न्हाणी म्हणजे बाथरूम, असे वीसेक शब्द. तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडला. एक तरी माणूस कोंकणी बोलणारं आहे का बघा, स्वयंपाकीण असली तरी चालेल.

जेवणाचंही विचारा. आत्याला सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, आणि बाकी दिवस हुमण, म्हणजे माशांची आमटी, लागायचं. पनीरची भाजी समोर आली की ताट सरकवायची.

हळदकुंकू
सगळं वाचलं. स्पष्ट लिहिते, राग मानू नका. आपल्या आईने आपल्याला कुठे ठेवलं होतं का महिना अमुक हजार भरून? गोव्यात अजून एवढी वेळ आलेली नाही असं मला वाटायचं. आझिल हे ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी. घरात एक खोली आणि थोडं मन मोठं हवं, बस.

निवृत्त_सिस्टर
हळदकुंकू बाय, मी ३१ वर्षं वॉर्डात काढली आहेत. मन मोठं असलेल्या घरांतूनच आलेले बेडसोअर मी धुतलेत, आत हाड दिसेपर्यंतचे. प्रेम होतंच, पण दर दोन तासांनी कूस बदलायला रात्री उठणारं माणूस नव्हतं. आणि वेळ आलेली नाही कशी? २०११ च्या जनगणनेतच गोव्यात शंभरातले ११ जण साठीच्या वरचे होते, केरळनंतर देशात आपणच. पोरं मस्कतला, लंडनला, पुण्याला. खोल्या आहेत गं गोव्यात, खोल्यांना काही तोटा नाही.

लेकी, आता तुझ्याशी. आधी एक बघ, रात्रीचा धिंगाणा एकाएकी वाढलाय का? तसं असेल तर लघवी तपासून घे. म्हाताऱ्या माणसाला युरिन इन्फेक्शन झालं की ताप येतोच असं नाही, डोकंच फिरतं, आणि घरचे समजतात आजार वाढला. बद्धकोष्ठ आणि नवीन सुरू केलेली झोपेची गोळी यांनीही तेच होतं. हे निस्तरून चार दिवस झोप घे आणि मग निर्णय घे. थकलेल्या माणसाने घेतलेला निर्णय नंतर खातो.

होममध्ये गेलीस की मला वाटतं तीन-चार गोष्टींवर अडून बस. रात्री ड्युटीला नर्स असते की फक्त अटेंडंट. डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतो आणि त्याची फी कोण देतो. अंथरुणाला खिळलेल्यांच्या खोलीत जाऊन टाचा बघ, पांघरूण वर करून, लाजू नकोस, लाल टाच म्हणजे कूस बदलत नाहीत. आणि सरळ विचार, माणूस उठून चालायला लागला तर बांधता का? "कधीच नाही" म्हणाले तर विचार मग काय करता. खरं काम करणारा माणूस लगेच सांगतो, अमकीला आम्ही व्हरांड्यात फेऱ्या मारू देतो, तमकीला कपड्यांच्या घड्या करायला देतो. उत्तर शोधायला लागला तर समज. पावसात लाईट गेली की जनरेटर चालतो का, हेही.

अजून एक, घरी ठेवायचंच असेल तर तोही रस्ता आहे, मी त्याच्या विरुद्ध नाही. आपल्याच बार्देश-तिसवाडीत संगाथ ही संस्था आणि डिमेन्शिया सोसायटी यांच्या लोकांनी ८१ कुटुंबांवर एक अभ्यास केला होता, २००८ साली छापून आला. डॉक्टर नव्हे, साध्या शिकवलेल्या बायका घरी जायच्या, कसं न्हाऊ घालायचं, रात्री उठली तर काय बोलायचं ते सांगायच्या. सांभाळणाऱ्या माणसांची तब्येत सुधारली, मनाची. तुझ्यासारख्यांचीच. पण दुसरा मजला आणि मोडलेला खुबा याला त्यात उत्तर नाही.

कतारकर
भावाच्या बाजूने कोणी बोलत नाही म्हणून मी. तो मस्कतला, मी दोहाला, एकच गोष्ट. दर महिन्याला पैसे पाठवतो आणि दर फोनला ऐकतो की पैसे पाठवले म्हणजे झालं का. नाही झालं, कळतंय, पण मी इथून कूस बदलू शकत नाही ना.

आमच्याकडे काय चुकलं ते सांगतो. बाबांना ठेवलं तेव्हा ठरलं "सगळे मिळून बघू". म्हणजे कोणी काहीच ठरवलं नाही. होमची फी ३० हजार होती ती मी भरायचो आणि मला वाटायचं मी सगळं भरतोय. वर्षभराने बहिणीने वही दाखवली, डायपर, औषधं, फिजिओ, जीएमसीला न्यायची गाडी, हॉस्पिटलात रात्री बसणाऱ्या बाईचे वेगळे, महिना आठ-दहा हजार ती गुपचूप घालत होती. आणि बाबा हॉस्पिटलात १९ दिवस होते तेव्हा होमने पूर्ण महिन्याची फी घेतली, कागदावर तसं लिहिलेलंच होतं, आम्ही वाचलं नव्हतं. भांडण पैशाचं नव्हतंच, मला माहीत नव्हतं याचं होतं. आता तिघांचा एक ग्रुप आहे, बिलाचा फोटो त्यात पडतो, बस.

तेव्हा फी विचारू नका, मागच्या महिन्याचं कोणाचं तरी खरं बिल दाखवा म्हणा, नाव झाकून. आणि त्या ५५ वाल्यांना विचारा दरवर्षी किती टक्के वाढवता.

पर्वरीची_लेक
सिस्टर, लघवीत इन्फेक्शन निघालं. औषध सुरू केलंय, दोन रात्री जरा बऱ्या गेल्या. काय बोलू.

कतारकर, तुमची पोस्ट भावाला पाठवली. अर्ध्या तासाने त्याचा फोन आला, आधी दहा मिनिटं दोघंही गप्प. पण घर विकण्यावर तो ठाम आहे. घर बाबांच्या नावावर, अजून काहीच केलेलं नाही. एजंट म्हणतो आईचा अंगठा घेऊन काम होईल.

दस्तऐवज
एजंटचं ऐकू नका. वकील आहे म्हणून सांगतो, फी घेत नाही.

गोव्यात लग्न झालं की, वेगळा करार केलेला नसेल तर, मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक. म्हणजे डिचोलीच्या घरात अर्धा हिस्सा आईचा आधीपासूनच, तो वारसा नव्हे. बाबांचा अर्धा तुम्हा तीन भावंडांत. तुमच्या वाट्यात पुन्हा तुमचे नवरे-बायका सामाईक. त्यामुळे विकायचं तर आई, तुम्ही तिघं आणि तिन्ही जोडीदार, सात सह्या. आधी वारस ठरवण्याचा दस्त किंवा इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वाटणी, हा २०१२ चा गोव्याचा वारसा कायदा आहे, २२ डिसेंबर २०१६ पासून लागू झाला. चार महिन्यांत पैसे हातात येतील आणि त्यातून होमची फी भरू, असं गणित कोणी मांडू नका.

आता आईची सही. तिला काय चाललंय ते समजत नसेल तर तो अंगठा उद्या कोणीही कोर्टात पाडू शकतो. मुखत्यारपत्राचंही तेच, देणाऱ्याची बुद्धी सावध असताना दिलेलं हवं, आणि लोकांना हे ठाऊक नसतं की देणाऱ्याची बुद्धी गेली की आपल्याकडे मुखत्यारपत्रही तिथेच संपतं, करार कायद्याचं कलम २०१. मग कोर्टातून पालक नेमून घ्यावा लागतो. हा धागा वाचणाऱ्या बाकीच्यांनी, ज्यांची आई आत्ता फक्त चष्मा विसरते, त्यांनी या महिन्यात बँकेत जाऊन खातं जॉइंट करून घ्या, आयदर ऑर सर्व्हायव्हर असं, म्हणजे दोघांपैकी कोणालाही पैसे काढता येतात, आणि एफडीही.

घर विकण्यापेक्षा भाड्याने दिलेलं बरं, लिव्ह अँड लायसन्सवर, सगळ्यांच्या संमतीने. गोव्यात भाडेकरू म्हटलं की लोक घाबरतात, ते अगदीच उगाच नाही, पण कागद नीट असला की चालतं.

फोंडेकारांच्या आत्यासारखी केस असेल तर २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा बघा. मूलबाळ नसलेल्याची मालमत्ता ज्यांना मिळणार आहे त्यांच्यावर सांभाळण्याची जबाबदारी येते, अर्ज उपजिल्हाधिकाऱ्यांच्या ट्रिब्युनलपुढे. महिना जास्तीत जास्त १०,००० च मिळू शकतात, आजच्या दरात होमच्या फीचा तिसरा हिस्साही नाही, पण नोटीस गेली की वाटणीवाले फोन उचलायला लागतात.

फोंडेकार
उचलतात हो. सहापैकी चार जणांनी उचलला. आणि आत्याला दयानंद सामाजिक सुरक्षा या सरकारी योजनेचे महिना २००० यायचे, ते तिच्याच हातात द्यायचो. त्यात काय होतंय म्हणाल, पण ती नर्सला पावासाठी पैसे द्यायची आणि रुबाबात बसायची.

आकडेमोड
पर्वरीच्या ताई, तुमचे आकडे मांडून बघितले. म्हापशाजवळचं होम ३५, वरखर्च ७ धरा, ४२. पेन्शन १७. दरमहा २५ कमी पडतात. एफडीतून काढलेत तर ६ लाख बरोबर २४ महिने पुरतात. आई तेव्हा ८१ ची असेल, आणि ती नीट सांभाळली गेली तर त्यापुढेही असेल, तेच धरून चाला. ५५ वाल्या ठिकाणी हेच पैसे १३-१४ महिन्यांत उडतात, आणि मग तिथून हलवायचं, जे या आजारात सगळ्यात वाईट. माझं मत, एफडीला हात लावू नका, ती पडण्या-झडण्यासाठी. पाच वर्षं भरता येईल तेवढ्याच फीचं ठिकाण बघा.

लहानसहान गोष्टी. पुढच्या वर्षी आईला ८० पूर्ण होतील, तेव्हा केंद्राच्या नियमाप्रमाणे मूळ फॅमिली पेन्शनवर २० टक्के जास्तीचे मिळतात, ट्रेझरीत जन्मतारीख बरोबर आहे का आत्ताच बघा. हयातीचा दाखला दर नोव्हेंबरला, आता मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, बँकेत उचलून न्यायची गरज नाही. टॅक्स जुन्या पद्धतीने भरत असाल तर ८०डीडीबी खाली डिमेन्शियाच्या उपचारासाठी १ लाखापर्यंत, न्यूरॉलॉजिस्टचा कागद लागतो. मेडिक्लेम नसेल तर ८०डी मध्ये औषधपाण्याचे ५० हजार, रोखीने दिलेले चालत नाहीत. होमची राहण्या-जेवणाची फी यात बसत नाही, म्हणून उपचाराचं बिल वेगळं मागा.

जीएसटी वर लावणार की फीमध्येच, हेही आधी विचारा. धर्मादाय म्हणून आयकरात नोंदलेली संस्था असेल आणि सगळं मिळून २५ हजारांपर्यंत घेत असेल तर साठीवरच्यांना जीएसटी माफ आहे.

आणि गोवा सरकारचं आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड किंवा सत्तरीवरच्यांचं ५ लाखांचं आयुष्मान कार्ड, दोन्ही हॉस्पिटलात अ‍ॅडमिट झाल्यावर कामाची. केअर होमला त्यातून दमडी मिळत नाही, आमच्या शेजाऱ्यांनी त्या भरवशावर डिपॉझिट भरलं होतं.

वाळपईचो_बाबू
प्रोव्हेदोरियाचं कोणी बोललं नाही. सरकारी आहे, पोर्तुगीज काळापासून चालतंय, वृद्धाश्रम आहेत त्यांचे. पेन्शन नसलेल्यांनी तिथे आधी विचारावं. माझ्या मित्राच्या वडिलांना कॅन्सर होता, शेवटी लोटलीच्या शांती अवेदनात ठेवलं, एक पैसा घेतला नाही. ते फक्त कॅन्सरचंच आहे पण.

हळदकुंकू
मी जरा तोडून बोलले. माझ्या सासूबाई ८४ च्या आहेत, मी एकटीच करते, जाऊबाई फोनवर सल्ले देतात. तीन वर्षांत माझ्या माहेरी चतुर्थीला गेले नाही. ते तुमच्यावर निघालं बहुतेक. सिस्टर, त्या घरी येणाऱ्या बायकांचं अजून चालतं का, कुठे विचारायचं?

निवृत्त_सिस्टर
डिमेन्शिया सोसायटीकडेच विचार आधी. आणि १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा नंबर आहे, सरकारचा, त्यावर कोंकणीत बोललीस तरी चालेल, बोलून तर बघ. चतुर्थीला जा गं यंदा. चार दिवस जाऊबाईंना बोलाव.

पर्वरीची_लेक
सहा आठवड्यांनी लिहितेय. आईला म्हापशाजवळच्या ठिकाणी ठेवलं. संध्याकाळी सातला न सांगता दोनदा गेले, दुसऱ्या वेळी आत सोडायला कुरकुर केली पण सोडलं. टाचा बघितल्या. तिथली मॅडम म्हणाली, तुम्ही नर्स आहात का.

बहिणीला मी आठ दिवस माझ्या घरी राहायला बोलावलं, वाद घातला नाही, फक्त रात्रीची खोली तिला दिली. पाचव्या दिवशी तीच म्हणाली चल, बघू या ते ठिकाण.

पैशांचं असं ठरलं. भाऊ १२, मी ६, बहीण ४, आणि एफडीचं व्याज. बहिणीचे चार भावाला कमी वाटले, पण तिच्या नवऱ्याची नोकरी गेल्या वर्षी गेली होती हे त्याला या निमित्ताने पहिल्यांदा कळलं. पहिल्या महिन्याचा वरखर्च ९,४०० आला, ७ नव्हे. आकडेमोड, तुमचं गणित तिथेच चुकलं. घराचं वकीलसाहेबांनी सांगितलं तसं, विकणं सध्या बाजूला, वारस ठरवण्याचं काम सुरू केलंय.

आई पहिले दहा दिवस रडली. मीही. मग तिथली स्वयंपाकीण सत्तरी तालुक्यातलीच निघाली, ती सकाळी आईच्या पुढ्यात सुपात तांदूळ ठेवते, आई निवडत बसते आणि तांदळात खडे फार आहेत म्हणून तिला फैलावर घेते.

एक विचारायचं होतं. संध्याकाळ झाली की आई बसच्या तिकिटाला पैसे मागते, सत्तरीतल्या वाळपईला जायला. पर्समध्ये थोडे ठेवू का? होमवाले म्हणतात पेशंटकडे पैसे ठेवायचे नाहीत, हरवले तर आमच्यावर येतं.

फोंडेकार
ठेवा. लिहून द्या की हरवले तर आमची तक्रार नाही.

निवृत्त_सिस्टर
ठेव, पण नोटा ठेव, दहाच्या. नाणी नको, तोंडात घालतात.